म्हैसुरातला अज्ञातवास

टक्कल ही माणसाची खासगी बाब आहे, अशी माझी समजूत होती. ते सगळ्यांना दिसतं हे मान्य. पण त्याबद्दल आपल्या मनात काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. निदान आपण ते इंटरनेटवर टाइप करेपर्यंत तरी दिसत नाही.

त्याचं असं झालं, की सांगलीला भाचीचं लग्न ठरलं. लग्नाला मी भीत नाही, पण हल्ली लग्नात ड्रोन असतो. फोटोग्राफर समोर उभा असला तर हनुवटी जरा वर करून डोक्याचा मागचा प्रदेश जगापासून वाचवता येतो. हा कारभार मी बँकेच्या नोकरीत आणि नंतरही यशस्वीपणे चालवला. ड्रोनपुढे तो चालत नाही. ड्रोन वरून येतो. म्हणून एका दुपारी, म्हैसूरच्या सरस्वतीपुरमातल्या आमच्या घरात सगळे आडवे झालेले असताना, मी लॅपटॉप उघडला आणि केसांच्या टोपांचे भाव पाहिले. फक्त पाहिले. एक टोप जरा मोठा करून पाहिला. 'नैसर्गिक भांग' असं त्याचं वर्णन होतं. मग लॅपटॉप मिटला आणि इतरांबरोबर चहाला उठलो.

रात्री बायको फोनवर बिसिबेळेभाताची कृती बघत होती. डाळ शिजत आली आणि मध्येच एक टकला गृहस्थ येऊन रडायला लागला. पुढच्या क्षणी तो हसत होता आणि त्याच्या डोक्यावर केस होते. "मेले कुठेही घुसतात," बायको म्हणाली. नातू गेम खेळत होता, तिथेही तोच गृहस्थ आला. मग टीव्हीवर आला. शेवटी तो जावयांच्या फोनवर गेला, आणि इथे प्रकरण नाजूक झालं. आमचे जावई बेळगावचे. माणूस सोन्यासारखा, पण केस पुढून विरळ होऊ लागलेले. सासू-सासरे घरात राहायला आल्यापासून ते तसे जपूनच बोलतात. त्या रात्री ताटावर बसल्यावर त्यांनी भाताचा ढीग नुसता इकडून तिकडे केला आणि अखेर विचारलं, "आई, माझ्या केसांबद्दल घरात काही बोलणं झालंय का?"

बायकोने लेकीकडे पाहिलं, लेकीने माझ्याकडे. मी आमसुलाच्या सारात मीठ कमी आहे का, याचा बारकाईने अंदाज घेत राहिलो.

लेक संगणकाच्या क्षेत्रातली. तिने जेवणानंतर मला बाजूला घेतलं आणि जे सांगितलं ते ऐकून माझा इंटरनेटवरचा विश्वास त्याच रात्री संपला. टोपाच्या दुकानाचं पान मी उघडलं तेव्हा माझ्या मते तिथे दोघेच होतो, मी आणि टोप. प्रत्यक्षात त्या पानावर इतर कंपन्यांचे डोळ्यांना न दिसणारे ठिपके पेरलेले होते. आपण पान उघडलं की तो ठिपका आपल्या मालकाला वर्दी देतो, आणि मालक आपल्या यंत्रात एक छोटी चिठ्ठी ठेवून जातो. हीच ती कुकी. ती १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या तरुण अभियंत्याने काढली. हेतू भला होता. दुकानाला गिऱ्हाइकाची ओळख राहावी, पिशवीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर जाताना हरवू नये, एवढंच. पण मग ज्या दुकानात आपण गेलोच नाही, तिथले लोकही आपल्याकडे चिठ्ठ्या ठेवायला लागले. दहा दुकानांतल्या चिठ्ठ्या जुळवल्या की माणसाचं चरित्र तयार होतं.

"पण मी माझ्या लॅपटॉपवर पाहिलं. यांच्या फोनवर कसं गेलं?"

"घरात वायफाय एकच आहे ना, बाबा? बाहेरून बघणाऱ्याला आपल्या सगळ्या यंत्रांचा पत्ता एकच दिसतो. जाहिरातवाल्यांच्या हिशेबी या घरात कुणालातरी केस कमी आहेत. कुणाला, ते त्यांना कळायची गरज नाही."

जन्म बँकेत गेलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल ते बँकेतलाच माणूस जाणे. कुणाच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे मी कधी बायकोलाही सांगितलं नाही. तिच्या भावाचं खातं माझ्याच शाखेत होतं, तरी नाही. तो सारखे पैसे मागायला यायचा तेव्हा तर फार मोह व्हायचा. आणि आता माझ्या डोक्याची शिल्लक अख्ख्या घराला जाहीर झाली होती.

त्यात मी राहतो म्हैसुरात. भारतात खासगीपणाचा मूलभूत हक्क ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी इथल्याच महाराजा कॉलेजात शिकलेले. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झाल्यावर, वयाची ८५ उलटल्यावर, २०१२ साली त्यांनी आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. मी त्या कॉलेजवरून रोज भाजीला जातो. एवढ्या मोठ्या लढ्याचा वारसा आपल्या गल्लीपर्यंत आलेला असताना आपण टोपाच्या जाहिराती मुकाट्याने सोसायच्या? मी लढायचं ठरवलं.

पहिलं शस्त्र नातवाने दिलं. "आजोबा, इन्कॉग्निटो उघडा. मग कुणाला काही कळत नाही." काळी खिडकी उघडली, वर टोपी-चष्म्याचं चित्र आलं. टोपी बघून मला आपुलकी वाटली. त्या खिडकीत बसून मी टोप, तेल, कांद्याचा रस, असा सगळा विषय पुन्हा एकदा धसाला लावला. लेकीला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. ती खिडकी एवढंच करते, की आपला इतिहास आपल्या यंत्रात ठेवत नाही. म्हणजे ती बायकोपासून लपवते, कंपन्यांपासून नाही. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० साली गुगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोड होऊन अशा खिडक्यांतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीने कबूल केलं. मी ते ऐकून म्हटलं, "मग निम्मं काम तर झालं. मला मुख्यतः बायकोपासूनच लपवायचं होतं." हे वाक्य मी जरा मोठ्याने बोललो.

दुसरं शस्त्र मी स्वतः मिळवलं. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल रंगात एक पाटी आली, की तुमच्या संगणकात हेरगिरी करणारे प्रोग्राम सापडले आहेत, ताबडतोब इथे दाबा, मोफत साफ करून मिळेल. ज्यांनी न सांगता माझा संगणक तपासला, त्यांनाच तो साफ करायला द्यायचा, यात काही विसंगती आहे हे मला आज लिहिताना जाणवतंय. तेव्हा मला फक्त 'मोफत' एवढंच दिसलं. दाबलं. मग लॅपटॉपवर एक रखवालदार बसला. त्याच्यावर लक्ष ठेवायला मी दुसरा मोफत रखवालदार बसवला. दोघांनी पहिल्याच दिवशी एकमेकांना चोर ठरवलं. लॅपटॉप तापायला लागला. मांडीवर घेतला तर गुडघ्याला शेक मिळे, तेवढाच काय तो फायदा. ब्राउझरचं पहिलं पान बदललं, वरती कधी न मागितलेल्या पट्ट्या आल्या आणि काहीही शोधलं तरी उत्तरात स्वस्त सिंगापूर सहल निघू लागली.

देवराज अर्स रोडच्या बाजूच्या गल्लीत एक मुलगा संगणक दुरुस्त करतो. त्याने यादी पाहिली आणि दुकानातल्या दुसऱ्या मुलालाही बोलावून दाखवली. "सार, इदु आंटी-स्पायवेर अल्ला, इदे स्पायवेर." म्हणजे हेर शोधायला ठेवलेला माणूसच हेर निघाला. मला जरा वाईट वाटलं, पण घरी येऊन वाचलं तेव्हा बरं वाटलं, की थोरामोठ्यांचीही हीच गत झाली आहे. अवास्ट हे जगभर कोट्यवधी लोकांनी लावलेलं नामांकित अँटीव्हायरस. लोक कोणती पानं बघतात याच्या नोंदी त्याची जंपशॉट नावाची उपकंपनी विकत होती. बोभाटा झाल्यावर २०२०च्या जानेवारीत ती उपकंपनी बंद झाली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. पाळत थांबवतो असं सांगून पाळत ठेवली, असा त्यांच्यावर ठपका होता. माझ्या रखवालदारांना मात्र कुणी दंड केला नाही. मीच दुरुस्तीचे पैसे दिले.

एव्हाना माझ्यावर नेमकं कोण पाळत ठेवतंय, याबद्दल माझ्या मनात भव्य कल्पना येऊ लागल्या होत्या. पेगासस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेर-सॉफ्टवेअरचं प्रकरण मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. २०२१ साली पत्रकार, वकील, राजकारणी यांच्या फोनवर पाळत असल्याच्या बातम्या आल्या, सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली, समितीने २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सापडलं, पण ते पेगाससच असल्याचा पक्का पुरावा मिळाला नाही. मी लेकीला गंभीरपणे म्हटलं, "माझा फोन अलीकडे लवकर गरम होतो."

"बाबा, पेगासस फार महाग असतं. तुमच्यावर कुणी एवढा खर्च करणार नाही."

हे वाक्य बापाला लागतं. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "तुमच्यावर पाळत ठेवायला पैसे लागत नाहीत. ठेवली की पैसे मिळतात. म्हणून ठेवतात." आजवर या विषयावर मी जेवढं वाचलं त्यात इतकं नेमकं काही नव्हतं. पण मी तेव्हा रुसलेला असल्याने दाद दिली नाही.

त्या रुसव्यात मी कॅमेरे बंद केले. २०१६ साली मार्क झुकेरबर्गने हौसेने टाकलेल्या एका फोटोत त्याच्या मागच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी दिसली होती. जगाची खबर ठेवणारा माणूस स्वतःचा कॅमेरा झाकतो, मग आपण का मागे राहायचं? घरात चिकटपट्टी सापडली नाही, म्हणून मी औषधाच्या डब्यातली जखमेची पट्टी लावली. लॅपटॉपला लावली, फोनला पुढून लावली, मागून लावली. रविवारी सांगलीहून आक्काचा व्हिडिओ कॉल आला. तिला आवाज आला, माणूस दिसेना. "अरे, दिवे गेलेत का? दिसत का नाहीस? तुझ्या तोंडाला काय झालंय?" मी सांगितलं, पट्टी लावली आहे. तिने फक्त 'पट्टी' ऐकलं. तासाभरात सांगली, मिरज आणि इचलकरंजी इथून माझ्या प्रकृतीची चौकशी करणारे फोन आले आणि एका मावसभावाने कुठल्या रुग्णालयात आहे तेही विचारून घेतलं.

मग व्हीपीएन. याने आपला पत्ता बदलून दाखवता येतो, हे समजलं तेव्हा मला शस्त्रागाराची किल्ली मिळाल्यासारखा आनंद झाला. इथेही मी मोफत ते घेतलं. फेसबुकनेही एकेकाळी 'ओनावो' नावाचं असंच मोफत संरक्षण लोकांना दिलं होतं; त्यातून लोक कोणती ॲप वापरतात ते फेसबुकला कळत होतं, म्हणून २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून गेलं आणि पुढच्या वर्षी बंद झालं. हे मी नंतर वाचलं. माझं वाचन नेहमी नंतर होतं. भारतातलं ठिकाण निवडायला गेलो तर ते यादीतच नव्हतं. कारण २०२२ साली सर्ट-इन या सरकारी संस्थेने हुकूम काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता वगैरे पाच वर्षं जपून ठेवावं. तेव्हा बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी इथली यंत्रं उचलून परदेशी नेली. मी नेदरलँड्स निवडलं. देश थंड आहे, शेती चांगली आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी सरस्वतीपुरमात बसून नेदरलँड्समध्ये राहू लागलो. हवामान बघितलं तर पाऊस. बाहेर कडक ऊन. बायकोने तिचा फोन बिघडला म्हणून माझ्या फोनवरून किराणा मागवायला घेतला, तर दुकान म्हणालं, तुमच्या भागात आम्ही माल पोचवत नाही. जाहिराती डच भाषेत यायला लागल्या. समजत काही नव्हतं, पण तो टकला गृहस्थ तिथेही होता. तो डचमध्ये रडत होता. आणि माझ्या बँकेने, परदेशातून कुणीतरी तुमच्या खात्यात शिरू पाहत आहे असा निरोप पाठवून, माझंच खातं माझ्यापासून सुरक्षित केलं.

एवढ्या तयारीनंतर आपण दिसेनासे झालो असणार, याची मला खात्री होती. ती पक्की करायला मी परीक्षेला बसलो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही अमेरिकेतली संस्था अशी एक तपासणी फुकट करून देते. २०१० साली पीटर एकर्सली यांनी याच पद्धतीने साधारण ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले होते, आणि त्यांतल्या ८३.६ टक्के ब्राउझरांसारखा दुसरा एकही त्या गर्दीत नव्हता. चिठ्ठी न ठेवताही यंत्र ओळखता येतं, हे त्यातून दिसलं. पडद्याची लांबी-रुंदी, घड्याळाची वेळ, चित्र काढण्याची यंत्राची लकब, बसवलेले फाँट, लावलेली संरक्षणं, हे सगळं जमेला धरलं की त्या यंत्राचा ठसा तयार होतो.

माझा निकाल आला. माझ्यासारखा ब्राउझर त्यांच्या अलीकडच्या सगळ्या नोंदींत एकमेव होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला अद्वितीय म्हटलं होतं, आणि ते मला दोष म्हणून सांगितलं जात होतं.

लेकीने कारणं शोधली. एक म्हणजे मी पाळत थांबवायला ब्राउझरला लावलेली जोडसाधनं. ज्याने त्याने आपापल्या परीने मला इतरांपेक्षा वेगळं केलं होतं. दुसरं कारण फाँट. इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाची स्मरणिका मी संपादित करतो. त्यासाठी युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले शिवाजी, किरण, श्रीलिपी, सुरेख असे जेवढे मिळाले तेवढे मराठी फाँट मी भक्तिभावाने साठवलेले होते. घड्याळ भारताचं, पत्ता नेदरलँड्सचा, पोटात शिवाजी आणि श्रीलिपी, अंगावर हेर पकडायची नाना यंत्रं. "बाबा, पृथ्वीवर असा माणूस एकच निघणार."

इथे मला आमच्या गावातली शाई आठवली. देशभर मतदाराच्या बोटाला लागणारी शाई इथल्या म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या कारखान्यात होते. नालवडी कृष्णराज वडियारांनी १९३७ मध्ये काढलेला हा कारखाना १९६२च्या निवडणुकीपासून ती पुरवतो आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. ते कातडीवर बसून उजेड लागला की काळं पडतं, आणि मग साबण, लिंबू, रॉकेल, काही चालत नाही. उलट घासून घासून बोट लाल केलं की केंद्रावरचा माणूस आधी त्याच बोटाकडे बघतो. ब्राउझरच्या ठशाचं हेच आहे. कुकी पुसता येते, ठसा पुसायला गेलं की तो उठून दिसतो. लपायचं असेल तर सगळ्यांसारखं दिसलं पाहिजे. टोर नावाचा ब्राउझर याच तत्त्वावर बनवला आहे: तो वापरणारे सगळे शक्य तितके एकसारखे दिसावेत, अशी त्याची धडपड असते. महाभारतात हे आधीच सांगून ठेवलंय म्हणा. पांडव विराटाच्या घरी राहिले तेव्हा भीम मुदपाकखान्यात गेला, अर्जुनाने नाच शिकवला. शस्त्रं शमीच्या झाडावर बांधून ठेवली. मी मात्र सगळी शस्त्रं अंगावर बांधून अज्ञातवासाला निघालो होतो.

अशात नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्याने आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं असतं. २०१४ पासून जीवन प्रमाण नावाची सोय आहे, आणि आता तर फोनसमोर चेहरा धरून डोळ्यांची उघडझाप केली की घरबसल्या हयातीचा दाखला निघतो. मी ॲप उघडलं. त्याने कॅमेरा मागितला. तो मी सगळ्यांनाच नाकारून ठेवला होता. दिला. पट्टी काढली, तर तिचा डिंक काचेवर राहिलेला. पडद्यावर एक धुरकट लंबगोल दिसत होता आणि त्याला ॲप पुनःपुन्हा सांगत होतं, चेहरा चौकटीत आणा. मी डोळे मिटले, उघडले, परत मिटले. बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, कुणाला डोळे मारताय?" संदेशांवर मी लावलेल्या गाळणीत ओटीपी अडकला. इतके दिवस खपून मी जगापासून इतका उत्तम लपलो होतो, की सरकारला मी हयात आहे हे पटवायलाच मार्ग उरला नव्हता.

शेवटी शाखेत गेलो. तिथे एक तरुण बाई होत्या. त्यांनी मला पाहिलं, मी हयात असल्याची नोंद केली, सही घेतली. काम झालं. एवढी निर्धोक ओळख पटवण्याची पद्धत जगात दुसरी नसेल, असा विचार करत मी उठतो आहे, तोच शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मोठ्या आस्थेने विचारलं, "सार, विग तगोंड्रा?" टोप घेतलात का?

आख्ख्या शाखेने माझ्या डोक्याकडे पाहिलं.

तपास घरापासून सुरू केला आणि तिथेच संपला. रांगोळी काढता काढता बायकोने शेजारच्या बाईंना सांगितलं होतं, 'आमचे हे इन्कॉग्निटो घेऊन टोप बघत बसतात.' बाईंनी आपल्या यजमानांना सांगितलं. यजमान निवृत्त शिक्षक, सगळा मोहल्ला त्यांना मेष्ट्रु म्हणतो. ते सकाळी कुक्करहळ्ळी तलावाला फेरी मारतात आणि त्यांची पेन्शन माझ्याच शाखेत आहे. याला कुकी लागली नाही, ठिपका लागला नाही.

संध्याकाळी मी मेष्ट्रुंना जाब विचारला. माझं कन्नड बँकेच्या काउंटरवर शिकलेलं, त्यामुळे त्यात मला फक्त सौजन्याने रागावता येतं. ते शांतपणे म्हणाले, "सार, मला तुमच्या टोपाचं कळलं. पण तुम्हाला माझ्या मैसूरपाकाचं माहीत आहे की नाही?"

माहीत होतं. मेष्ट्रुंना मधुमेह आहे. दर शनिवारी ते फोन घरी चार्जिंगला लावतात, खिशात सुटे पैसे घेतात, देवराज मार्केटला पानं आणायला जातो म्हणून सांगतात आणि सय्याजीराव रोडवर उभ्याउभ्या तुपाने थबथबलेला मैसूरपाक खातात. मी एकदा पाहिलं, त्यांनी मला पाहताना पाहिलं, आणि आम्ही दोघांनी त्यावर आजवर एक शब्द काढलेला नव्हता. "मग? तुमचं माझ्याकडे, माझं तुमच्याकडे. म्हणून दोघांचं ठीक चाललंय. तुमचा टोप ज्यांना माहीत आहे, त्यांचं काय तुमच्याकडे आहे?"

काही नव्हतं. मी इतके दिवस पट्ट्या लावत होतो, देश बदलत होतो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. गल्लीत रोज सकाळी 'तिंडी आय्ता?' म्हणून नाश्त्याची चौकशी होते, तीही पाळतच आहे. पण तिथे विचारणाऱ्यालाही उलट विचारता येतं. ज्या कंपनीला माझ्या गुडघ्यापासून टाळूपर्यंत सगळं पाठ आहे, तिने सकाळी काय खाल्लं हे मला कोण सांगणार?

लॅपटॉप लेकीने आवरून दिला. त्याला दहा मिनिटं लागली, हेच जास्त झोंबलं. उरलेसुरले रखवालदार, पट्ट्या, मोफत परदेशवास सगळं काढलं. विंडोज प्रणालीतला मूळचा संरक्षक चालू केला आणि सगळे अपडेट लावले. लाखो लोक वापरतात तो साधा ब्राउझर ठेवला, त्यात तिसऱ्याच कंपन्यांच्या कुक्या बंद केल्या आणि जाहिराती अडवणारं भरवशाचं एकच साधन बसवलं. फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरातींसाठीचा एक ओळख क्रमांक असतो तो पुसला, आणि टॉर्चच्या ॲपला माझा ठावठिकाणा कशाला हवा, असं मला विचारलं. मला तरी कुठे माहीत? "आणि व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा आरटीओचा दंड म्हणून एपीके फाइल आली तर उघडायची नाही. खरा हेर तसा येतो आणि ओटीपी वाचतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन." फाँट मात्र मी काढू दिले नाहीत. स्मरणिकेसाठी थोडं अद्वितीय राहायची माझी तयारी आहे.

मेष्ट्रुंच्या प्रश्नाचं उत्तर मला कायद्यात सापडलं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने आपल्याला विचारायचा हक्क दिला आहे: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, तिचं काय करता आणि ती कुणाकुणाला दिलीत? संमती मागणारी सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोयही त्यांनी द्यायची आहे, म्हणजे मराठीतसुद्धा. नियम २०२५च्या नोव्हेंबरात निघाले, मुख्य कलमं लागू व्हायला दीड वर्षाची सवड आहे. सरकारी खात्यांना त्यातून बऱ्याच सवलती आहेत ते वेगळं. पण अर्ज करणं हे माझं क्षेत्र आहे. मी मसुदा घेतला. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात करून पाच प्रश्न घातले. माझ्या डोक्याची माहिती कोणत्या तारखेस प्राप्त झाली? ती कितीस विकली? त्यातील माझा हिस्सा किती? जावयांच्या मनस्तापाची भरपाई कोण देणार? आणि तो रडणारा गृहस्थ कोण आहे?

मेष्ट्रुंना मी प्रत्येक प्रश्नाचं कन्नड करून ऐकवलं. त्यांनी चष्मा पुसला, आपल्या घराच्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सहावा प्रश्न घाला, सार. सरस्वतीपुरमात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकाच्या मैसूरपाकाची तुमच्याकडे काही नोंद आहे काय? नाव लिहू नका."

"नाव लिहिलं नाही, तर त्यांना तुमची नोंद सापडणार कशी?"

"सापडते का, तेच तर बघायचंय."